रपट्याच्या अलीकडे

‘सुरुवातीच्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत मार्ग नाही.’ क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरनं मला दिलेलं पहिलं उत्तर हे होतं. झरी जामणी तालुक्यातलं एक पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, मी पडद्यावर टिपलं होतं, त्याच्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र टिपलं होतं, आणि दोघांमधली रस्त्याची रेघ मला स्वच्छ दिसत होती. तरी मार्ग नाही. मी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. मग माउसचं चाक फिरवत नकाशा मोठा करत गेले. तालुका गेला, गाव गेलं, नाला गेला, आणि फाट्यावर येऊन थांबल्यावर उलगडा झाला. पोडाकडून येणारी रेघ डांबरी रस्त्याच्या रेघेला टेकलेलीच नव्हती. मधे तीन मीटरची फट होती.

डोळा अशी फट आपोआप बुजवून घेतो. संगणक घेत नाही. त्याच्या लेखी रस्ता म्हणजे रेघ नव्हे, जोड. दोन रेघा एकमेकींना कापून गेल्या तरी तिथं दोघींचा सामाईक बिंदू नसेल, तर एकीवरून दुसरीवर वळता येत नाही. त्या उन्हाळ्याचा पहिला महिना मी अशा गाठी मारण्यातच घालवला. आणि गाठी मारता मारता मनात आलं, की ही गोष्ट आपल्या माणसांना केव्हाची ठाऊक आहे. आपल्याकडे पत्ता सांगताना कुणी रस्त्याचं नाव घेत नाही. अमक्या फाट्यावर उतरा, तिठ्यावरून उजवीकडं वळा, चौफुलीवर विचारा, असंच सांगतात. एसटीच्या कंडक्टरला फाटा सांगितला की पुरतं. ज्याला पुस्तकात ‘नोड’ म्हणतात, त्याला आमच्या जिल्ह्यात थांबा आहे, चहाची टपरी आहे आणि वाट बघणारी माणसं आहेत.

मी यवतमाळला भूगोल शिकवते. कित्येक वर्षं आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर दोरा ठेवून अंतर मोजत आलो. वळणावळणानं दोरा बसवायचा, चिमटीत धरून उचलायचा, पट्टीवर ताणायचा आणि प्रमाणानं गुणायचं. मुलांच्या हाताला त्यातून वळणाची जाण येते, म्हणून ते काम मी अजूनही करून घेते. पण दोरा एका वेळी एकच वाट मोजतो. तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीपासून दवाखाना किती लांब, हे दोऱ्यानं काढायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून मी हे सॉफ्टवेअर शिकायला बसले.

त्याच्या मुळाशी एडस्गर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाची जवळची वाट शोधण्याची युक्ती आहे. 1956 साली अॅमस्टरडॅममध्ये एका कॅफेबाहेर बसून कॉफी घेताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत ती सुचली असं त्यांनीच पुढं सांगितलं होतं. 1959 साली ती छापून आली. मुलांना ती मी ओलिताच्या भाषेत सांगते. विहिरीचं पाणी दांडात सोडलं की जवळची सरी आधी भिजते, मग तिच्या पुढची. प्रत्येक वळणावर पाणी ज्या वाटेनं सगळ्यांत आधी पोचलं, तीच तिथवरची जवळची वाट. पाणी पुढच्या सऱ्यांचा आधी विचार करत बसत नाही, भिजलेल्या काठावरून पुढं सरकतं. ज्यांच्या घरी ओलित आहे, त्या मुलांना हे एका दमात कळतं.

फटी हातानं बुजवून कंटाळले तेव्हा कळलं, की जोडणीत किती सूट द्यायची ते सॉफ्टवेअरला सांगता येतं. तीन मीटरची फट, म्हणून मी 3 लिहिलं. आता प्रत्येक प्रश्नाला काहीतरी वेडंवाकडं उत्तर यायला लागलं. माझी माहिती अक्षांश-रेखांशांत होती, त्यामुळं मी तीन मीटरची नव्हे, तीन अंशांची सूट दिली होती. तीन अंश म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. उमरखेडपासून वणीपर्यंत अख्खा जिल्हा मी एका गाठीत बांधून टाकला होता.

मग मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण निवडणं आलं, आणि तिथं जिल्ह्यानं आणखी एक पेच टाकला. मोजणीसाठी जगाचे जे उभे पट्टे पाडलेले आहेत, त्यांतल्या 43 आणि 44 या पट्ट्यांची सीमा म्हणजे 78 अंश पूर्व रेखांश. ती यवतमाळ शहराच्या थोडी पश्चिमेकडून जाते. पुसद, दिग्रस, दारव्हा एका पट्ट्यात. वणी, पांढरकवडा दुसऱ्यात. मी सगळा जिल्हा 44 मध्ये घेतला, एवढ्या अंतरात येणारा फरक रस्त्यांच्या कामाला चालतो. पण त्या रात्री मी बराच वेळ त्या रेखांशाकडं बघत बसले. याच 78 अंशाच्या आसपासनं विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकानं दक्षिणेतून उत्तरेकडं भारताची महान कमान (ग्रेट आर्क) मोजत आणली होती. 1823 च्या जानेवारीत, नागपूरकडं जाताना, हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पांढरकवड्याहून नागपूरला निघालं की वाटेत जे हिंगणघाट लागतं, तेच. त्याची कबर तिथं आहे. मी तिथून इतक्या वेळा गेले, पण आपल्या पायाखालून काय गेलेलं आहे हे मला टेबलाशी बसून कळलं.

गाठी बसल्या, मीटर बसले, आणि मार्ग निघायला लागले. खरं शिकणं त्यानंतर सुरू झालं.

जवळची वाट वेगळी आणि लवकरची वाट वेगळी. लवकरची हवी तर प्रत्येक रस्त्यावरचा वेग सांगावा लागतो, आणि तुम्ही सांगितला नाही तर सॉफ्टवेअर ताशी 50 किलोमीटर धरून चालतं. सगळीकडं 50. राष्ट्रीय महामार्ग 44 वरही 50 आणि कपाशीच्या वावरांमधून जाणाऱ्या पांदणीवरही 50. मी वेगाचा रकाना भरायला घेतला. महामार्ग, राज्य मार्ग, ग्रामसडक योजनेचे रस्ते (त्यांची नकाशा-माहिती 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, तिचा मला फार उपयोग झाला), खडीचे रस्ते, पांदण. सगळं अंदाजानं, पण अंदाज विचार करून बांधलेला. त्यावरून त्या पोडाहून आरोग्य केंद्राला बावीस मिनिटं निघाली. नकाशा छापून मी पोडातल्या आशा सेविकेला, आशाताईंना, दाखवायला गेले.

त्यांनी तो कागद अंगणातल्या बाजेवर पसरला. आधी पोड शोधलं, मग शाळा, मग बोट हळूहळू माझ्या लाल रेघेवरून सरकवत नाल्यावर आणलं आणि तिथंच ठेवलं.

“इथं रपटा हाय, मॅडम. एक पानी चांगलं पडलं का रपट्यावरून जाते. मंग इकडून नाही येता येत.”

“मग कुठून येता?”

“फिरून या लागते. नाही तं थांबा लागते.” त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि कागदाच्या कडेनं एक लांब वळसा काढला. तो माझ्या छापलेल्या चौकटीच्या बाहेर गेला, तसा त्यांनी पुढचा भाग बाजेच्या पट्टीवर बोटानंच काढून दाखवला. “मागच्या साली एका बाईले बाजेवर टाकून आनलं व्हतं. पानी उतरेपर्यंत अलीकडंच बसलो आम्ही.”

परतताना रपट्यावर उतरले. चार सिमेंटचे पाइप, त्यावर काँक्रीटचा पट्टा, दोन्ही कडांना चुन्यानं रंगवलेले दगड. दगडांना मागच्या पुराचा कचरा अजून चिकटलेला होता. वाळलेलं गवत, पऱ्हाटीच्या काड्या, खताच्या पोत्याची एक चिंधी. कचरा माझ्या कमरेपर्यंत आला होता. ही उंची कुठल्याच रकान्यात नव्हती. माझ्या नकाशात रपटा म्हणजे इतर रेघांसारखीच एक रेघ होती.

त्यानंतर मी वेगाचे दोन रकाने केले, उन्हाळी आणि पावसाळी. काळ्या मातीतल्या पांदणी पावसाळ्यात चारचाकीला बंद. ज्यावरून पाणी जातं ते रपटे पावसाळ्याच्या जाळ्यातून गाळलेले. हे रपटे कोणते, ते उपग्रहाच्या चित्रावरून कळत नाही. ते एसटीच्या चालकांना विचारलं, काळी-पिवळीवाल्यांना विचारलं, दूध गोळा करणाऱ्यांना विचारलं. मला वाटतं, या कामाचा अर्धा भाग विचारण्याचा आहे, आणि सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या वर्गात त्यालाच सगळ्यांत कमी वेळ मिळतो.

दवाखान्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून आतली गावं मोजायची, ही सोपी रीत अजून सगळीकडं चालते. वर्तुळाला नदी दिसत नाही. दक्षिणेला ते पैनगंगा ओलांडून बिनदिक्कत पलीकडं जातं. जाळ्यावरून काढलेला टापू वर्तुळासारखा गोल नसतो, पंजासारखा असतो. रस्ते आहेत तिकडं बोटं लांब जातात, मधल्या बेचक्यात वस्त्या उरतात. पोडं बहुतेक त्या बेचक्यांतच सापडली. दुसरी चूक माझी स्वतःची. माहिती मी जिल्ह्याच्या हद्दीवर कापली होती. पण पाटणबोरीकडच्या माणसाला आदिलाबाद जवळ पडतं, तो तेलंगणात दवाखान्याला जातो, बाजाराला जातो. हद्द माझ्या कात्रीला होती, त्याच्या पायांना नव्हती. कापलेले रस्ते परत जोडले तेव्हा तिकडच्या कित्येक गावांची उत्तरं बदलली.

एका विद्यार्थिनीनं जुन्या टोपोशीटवरून बंद पडलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेचा रूळही जाळ्यात भरला होता. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, सुमारे 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. संगणकानं तिला त्यावरून मार्गही काढून दिला. आम्ही तो पुसला, पण आधी त्यावर एक तास बोललो. ही वाट इथला कापूस मुंबईच्या बंदराकडं नेण्यासाठी घातली होती, म्हणून ती गावांना एकमेकांशी कमी आणि मोठ्या लायनीशी जास्त जोडते. कुठलंही जाळं बघितलं की ते कुणाच्या सोयीनं विणलंय हे विचारा, असं मी मुलांना सांगते. वर्ध्याहून कळंबपर्यंतची नवी रेल्वे 2024 मध्ये सुरू झाली, ती रेघ त्याच मुलीनं आनंदानं भरली.

आशाताईंनी पेन्सिलनं वळसा काढलेला कागद माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. कागदाबाहेर गेलेला भाग मी नंतर संगणकावर पुरा केला. पावसाळ्यात त्या वाटेला बावीस नव्हे, एक तास दहा मिनिटं लागतात, आणि तेही गाडी मिळाली तर. आषाढात त्यांचा फोन येतो. “मॅडम, पानी चढलं.” मी रपट्याची ती छोटीशी रेघ गाळून गणित पुन्हा चालवते. आरोग्य केंद्रापासून पसरलेला हिरवा रंग मागं सरकतो, फाट्यावर येऊन थांबतो, आणि पलीकडं पोडाचा ठिपका पांढऱ्या कागदावर एकटा राहतो. चार-पाच दिवसांनी पुन्हा फोन वाजतो.