कातळावरची लाट आणि हातातला कॅमेरा

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे गाव. येथील पाऊस गोदावरीच्या वाट्याला जात नाही. ओढ्यानाल्यांतून तो दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतो आणि दमणजवळ अरबी समुद्राला मिळतो. गावातून समुद्र दिसत नाही, पण हिवाळ्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबांची पावले समुद्राकडेच वळतात. जव्हारमार्गे खाली उतरले की डहाणू-केळव्याचा वाळूचा किनारा लागतो. काळ्या कातळावर फुटणारी लाट पाहायची असेल, तर मात्र दक्षिणेस रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर गाठावे लागते.

श्रीवर्धन तालुक्यातील हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी येथे सागराला मिळते. मंदिरामागून टेकडी चढून जाणारी प्रदक्षिणेची वाट पुढे दोन कड्यांमधील अरुंद पायऱ्यांवरून थेट समुद्राच्या कातळावर उतरते. हा बेसॉल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाटांनी त्याचा पायथा कोरून सपाट ओटे केले आहेत. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकात मुरतात, वाळतात, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडतात. छायाचित्रकाराला मोह पडावा अशीच ही जागा आहे. तथापि ही वाट ओहोटीपुरतीच खुली असते. भरतीच्या वेळी तिच्यावर समुद्राचा अधिकार असतो.

कोकणचा समुद्र खरा खवळतो तो पावसाळ्यात. हिवाळ्यात तो बहुधा शांत असतो, आणि त्यामुळेच प्रवासी गाफील राहतो. या दिवसांत इराण-अरबस्तानकडील ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा शेकडो कोस ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात. आकाश निरभ्र आणि वारा मंद असूनही पाणी उसळलेले दिसते, ते यामुळे. क्वचित हिवाळ्यात वादळही येते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळ मुंबईसमोरून गुजरातच्या दिशेने गेले, तेव्हा ऐन थंडीत पाऊस पडला आणि मुंबईसह किनारी जिल्ह्यांतील शाळांना सुट्टी द्यावी लागली. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही शासकीय संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहणे हे प्रवासाच्या तयारीतील पहिले काम समजावे.

दुसरे काम पंचांगाचे. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरात तिथी शोधावी लागत नाही. अमावास्या व पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची मोठी भरती असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. किनाऱ्यावरील जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंचमी असेल, तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार; दुपारी आणि पहाटे त्या सुमारास पूर्ण भरती, आणि सुमारे सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा हिशेब अंदाजाचा आहे. गावोगावी वेळ थोडी बदलते, म्हणून छापील तक्ता पाहावा आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारावे.

यापुढे प्रश्न उरतो तो उभे राहण्याच्या जागेचा. सगळ्या लाटा सारख्या नसतात. दहा-बारा लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या लाटा लागोपाठ येऊ शकतात. आइसलँडच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर अशाच अचानक चढून येणाऱ्या लाटांनी पर्यटकांचे बळी घेतले आहेत. म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवून वीस मिनिटे फक्त पाहावे. जो खडक ओला दिसतो, तेथवर पाणी पोहोचलेले असते. हिरवे शेवाळ असेल, तर तेथे पाय ठरत नाही. भरती चढत असताना कोरडा खडकही उद्याप सुरक्षित म्हणता येत नाही. ओहोटीत उघड्या पडलेल्या कातळावर खेकडे, शिंपले, कालवे यांची वस्ती असते. त्या जीवांना पायाखाली न घेणे हेही तेथून दूर राहण्याचे पुरेसे कारण आहे.

उंचावरून, कठड्याच्या आतून आणि झूम वापरून घेतलेले चित्र बहुधा अधिक चांगले येते, कारण लाटेची उंची समजायला तिच्याशेजारी कडाही चौकटीत यावा लागतो. तुषार गोठवायचे असतील, तर शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा. पाणी धुक्यासारखे हवे असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर अधिक वेळ उघडे ठेवावे. सकाळी सूर्य पाठीशी असल्याने फेस उजळून दिसतो. काचेवरचे खारे थेंब मऊ कापडाने टिपावेत. छायाचित्रकाराचा डोळा चौकटीत अडकलेला असतो, म्हणून सोबतच्या एकाने केवळ समुद्राकडे पाहावे. समुद्राकडे पाठ करून कोणीही उभे राहू नये, आणि हातातून निसटलेल्या मोबाइलमागे धावू नये.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी घेताना काही मुली समुद्रात पडल्या. त्यांपैकी एकीचा बुडून मृत्यू झाला. त्यांना वाचवण्यासाठी उडी घेतलेला गृहस्थही परतला नाही. त्यानंतर पोलिसांनी शहरातील अनेक धोक्याच्या जागी सेल्फीला मनाई केली. तो महिना पावसाळ्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोणी पाण्यात पडलेच, तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, तरंगेल ते फेकावे आणि ११२ वर कळवावे.

एखादी लाट कॅमेऱ्यात सापडली नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. भरती दिवसातून दोनदा येते, आणि कातळ कोट्यवधी वर्षे तेथेच आहे. घाई करण्यासारखे तेथे काहीच नसते. संध्याकाळी मुलाबाळांसह सारे मुक्कामी परतले आणि एकत्र बसून त्यांनी ती चित्रे पाहिली, म्हणजे सहल साधली.