राहून गेलेली तपासणी

आपल्या मंडळाच्या पॉटलकला चार पन्नाशी उलटलेली माणसं एका टेबलाशी बसली, की पाच मिनिटांत गप्पा तब्येतीवर येतात. कोणाची शुगर किती, कोणाचं कोलेस्टेरॉल उतरलं, कोणाला व्हिटॅमिन डी कमी निघालं, सगळं बटाटेवड्याबरोबर मोकळेपणानं बोललं जातं. एका तपासणीचं नाव मात्र इतक्या वर्षांत मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ती म्हणजे एचआयव्हीची.

गंमत अशी, की आपल्यापैकी पुष्कळांची ती झालेली आहे! ४ जानेवारी २०१० पूर्वी ग्रीन कार्डासाठी जी वैद्यकीय तपासणी होत असे, तिच्यात मोठ्या माणसांची एचआयव्हीची चाचणी असायचीच, कारण हा विषाणू अंगात असलेल्या परदेशी माणसाला या देशात सहसा प्रवेश नव्हता. त्या दिवशी तो नियम उठला. आपल्याला टीबीची सुई आणि लसींचे कागद आठवतात, ही चाचणी आठवत नाही. 'ते आपल्या लोकांत नसतं' ही समजूत इतकी पक्की!

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. आमचा एक मावसभाऊ १९९७ साली गेला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. घरच्यांनी सगळ्यांना 'टीबी' सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. एचआयव्हीमुळे शरीराची प्रतिकारशक्ती खचली, की टीबीसारखे आजार माणसाला गाठतात, आणि त्या अवस्थेलाच एड्स म्हणतात. पण सांगितलं ते अर्धंच. वहिनींना खरं कारण कळलं ते दीड वर्षानं, त्या स्वतः सारख्या आजारी पडू लागल्या तेव्हा. ज्या बाईनं नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिला नाही, तिला गावानं काय काय विचारलं ते इथे लिहीत नाही.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली मद्रासमध्ये. तो शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन हिनं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, आणि त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. हा परदेशातल्या स्वैर लोकांचा रोग, आपल्याकडे कसा येईल, असं तोवर लोक म्हणत होते. १९९३ साली डॉक्टरांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. तिथे पुढे आमच्या वहिनींसारख्या, एकाच माणसाशी संसार केलेल्या बायकाही मोठ्या संख्येनं येऊ लागल्या. विषाणू माणसाचं चारित्र्य पाहत नाही, हे त्या केंद्रात रोज दिसत होतं.

तो पसरतो कसा, हे एकदा नीट समजून घेऊ. निरोधाशिवायचा शरीरसंबंध, एकमेकांच्या वापरलेल्या सुया, दूषित रक्त, आणि आईकडून बाळाला, म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. बस्स. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, शिंकेनं, डास चावल्यानं किंवा एकच बाथरूम वापरल्यानं तो पसरत नाही.

औषधांची गोष्टही आपल्या मुलुखाशी जोडलेली आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचे उपचार आले आणि माणसं जगू लागली, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं महाराष्ट्रासह सहा राज्यांत ती मोफत द्यायला सुरुवात केली, आणि पुढे वहिनींनाही मिळू लागली. आज त्या साठीला आल्या आहेत, शिवणाचे क्लास घेतात, रोज एक गोळी घेतात.

नियमित औषधानं रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की चाचणीत तो मोजता येत नाही. तो तसाच कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईनं वेळेवर औषध घेतलं, तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात एक किंवा त्याहूनही कमी होतो. ज्यांना धोका अधिक, त्यांच्यासाठी लागण टाळणारी गोळी २०१२ पासून आणि सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन २०२५ पासून या देशात मिळतं. काही विपरीत घडलंच, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यायचं असतं. कॉलेजला निघालेल्या मुलामुलींना बाकी काही नाही, तरी हा ७२ चा आकडा जरूर सांगावा. निरोधाबद्दल बोलायला आपल्याला अवघड वाटतं हे खरं, पण मुलांनी ते इतरांकडून अर्धवट ऐकावं, त्यापेक्षा आपण अडखळत बोललेलं बरं.

आणि आपलं स्वतःचं काय? १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकानं निदान एकदा ही तपासणी करून घ्यावी, असा इथल्या सीडीसीचा २००६ पासूनचा सल्ला आहे. वार्षिक तपासणीत ती आपोआप होतेच असं नाही. डॉक्टरांना 'ही पण करा' एवढं म्हणायचं. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या हल्लीच्या चाचणीत लागण साधारण १८ ते ४५ दिवसांनी कळते. फार्मसीत मिळणाऱ्या घरच्या किटला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून फार घाईनं केलेल्या चाचणीवर विसंबू नये.

हा लेख लिहिण्याआधी मी वहिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की वन्सं, चार लोकांना कळू दे. फक्त माझं नाव नका घालू. धाकटीच्या सासरी अजून सांगितलेलं नाही."

म्हणून नाव घातलेलं नाही.