पडवीतलं इंजिन

आमच्या मागच्या पडवीत सहा महिने एक इंजिन उघडं पडलं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हात धुवायला मागं जायच्या, तिथंच थबकायच्या आणि पदर सावरत विचारायच्या, "काय गे हे?" मी सांगायची, "राजदूत साडेतीनशेचं इंजिन. धाकटीनं घेतलंय." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "तिच्यासाठी स्थळं बघताय ना?" इंजिनाचा आणि स्थळाचा संबंध काय, हे मला अजून कुणी उलगडून सांगितलेलं नाही. पण बेळगावात बायकांच्या मनात तो असतो खरा.

ही गाडी आमच्या पिढीला चांगली आठवते. यामाहाच्या परवान्यानं एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून ती आपल्याकडे काढली. तेव्हा साडेतीनशेची बुलेट म्हणजे रुबाबाची गाडी, तिची ताकद १८ अश्वशक्ती. हिची साडेतीस! कंपनीनं नंतर थोडी मवाळ केलेली गाडी काढली, तीही २७ची. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि ब्रेक मात्र दोन्ही चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. पळायची सोय होती, थांबायची बेताची. त्यात पेट्रोल पिणारी. मध्यमवर्गीय घरात 'किती देते?' हा पहिला प्रश्न असायचा, तिथं ती टिकणार कशी? नव्वदच्या सुमारास बंद पडली. आता तीच गाडी पोरं शोधत फिरतात आणि गोठ्यात सडलेलीसुद्धा लाखाच्या घरात जाते.

आमचीही गोठ्यातलीच. खानापूरच्या बाजूला एका शेतघरात वीसेक वर्षं उभी होती. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली. धाकटीनं ती सगळी रिकामी आहेत याची खात्री करून घेतली, मगच सायलेन्सरला हात लावला. बँकेत नोकरी करते ती, दोन वर्षांचा बोनस त्यात घातला. मी विचारलं, "एवढी हौस कुठनं आली?" तर म्हणाली, "आप्पांच्या कारखान्यात सुट्टीत जात होते की नाही मी?"

जात होती, खरंच. ह्यांचा उद्यमबागेत लहानसा कारखाना होता, तीन लेथ आणि एक बोरिंगचं मशीन. बेळगावात फाउंड्र्या आणि मशीन शॉप गल्लोगल्ली. तिथं तीस वर्षं ह्यांनी लोकांच्या इंजिनांची सिलिंडरं कातली. दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा सुधारला, आणि वाचा अडकली. अडकली म्हणजे आवाज आहे, समजतं सगळं, पण हवा तो शब्द सापडत नाही. चहा हवा असला की "ते... ते..." करून कपाकडं बोट दाखवायचं. वाचोपचाराच्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती, सफरचंद, पोपट, छत्री. ज्या माणसानं शतांश मिलिमीटरात आयुष्य काढलं, त्याच्यापुढं पोपट धरायचा. चार दिवसांनी ह्यांनी कार्डं उलटी करून ठेवली आणि परत हात लावला नाही. मशीनं विकावी लागली. ती न्यायला टेम्पो आला त्या दिवशी हे भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले.

धाकटीनं गाडी आणली ती ह्या सगळ्यानंतर सहा महिन्यांनी. मुद्दाम आणली का, हे मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.

इंजिन उघडायचं म्हणजे आधी डबे हवेत. कुठला नट कुठला, कुठला वायसर कुठला, हे लक्षात ठेवणारा माणूस नंतर रडतो, असं तिचं म्हणणं. कुणीतरी तिला सांगितलं होतं, अंड्याचे ट्रे सगळ्यात सोयीचे. आमच्या घरात अंड्याचा ट्रे कुठला? मी जुनं आप्पेपात्र काढून दिलं, कोटिंग गेलेलं. सात खळग्यांत सात तऱ्हेचे बोल्ट बसले. मग इडलीचं जुनं स्टँड गेलं, लोणच्याच्या बरण्या गेल्या. पुसायला धुवट सुती लुगड्याचे तुकडे दिले, त्याची लव सुटत नाही. पाणी गाळायच्या फडक्यावर तिचा डोळा होता. ते मात्र मी दिलं नाही.

डावा पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. चार दिवस रॉकेल-डिझेल ओतून ठेवलं, लाकडाच्या ठोकळ्यानं हलके ठोके दिले, तेव्हा कुठं सुटला. बाहेर आला तर त्याच्या अंगावर उभे ओरखडे, उतू गेलेलं दूध पातेल्याला करपून बसावं तसं अॅल्युमिनियम वितळून बसलेलं. पिस्टनच का गेला, हे शोधल्याशिवाय नवा घालण्यात अर्थ नसतो. मला ही गोष्ट आवडली. आपल्याकडं माणूस मोडला तर कारण न बघताच नवा संसार मांडून देतात.

कारण निघालं एक रबरी सील. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँकच्या खोलीत येतात आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातात. म्हणून ती खोली हवाबंद लागते. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. डावीकडचं कोरड्या बाजूला, ते वर्षानुवर्षं उभं राहून कडक होतं आणि त्यातून बाहेरची हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल कमी. आपल्याला वाटेल की पेट्रोल कमी म्हणजे जाळ कमी. तसं नसतं, इंजिन उलट जास्त तापतं, कारण आत येणारं पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवत असतं. पिस्टन तापून फुगतो आणि धरतो. उजवीकडचं सील गेलं तर गोष्ट वेगळी, ते गिअरचं तेल ओढतं आणि गाडी पांढरा धूर ओकते. कुणा आधीच्या मेकॅनिकनं हे काही न बघता वरवर एम-सील थापून गाडी चालू करून दिली होती. रुपयांचं सील वाचवलं आणि इंजिन घालवलं.

ही सगळी चौकशी पडवीत चालू असताना हे आतल्या खाटेवर असायचे. एकदा मी भाजी निवडत होते. बाहेर धाकटी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "डावा पॉइंट पन्नासला जाईल, उजवा चांगला आहे, राहू दे." आतून आवाज आला. स्पष्ट.

"दोन्ही."

विळी माझ्या हातात तशीच राहिली. धाकटी दारात आली. हे उठून बसले होते. "दोन्ही," परत म्हणाले, आणि डाव्या हाताची दोन बोटं जोडून दाखवली. दोन्ही सिलिंडर एकाच मापाला कातायचे. एक चौसष्ट मिलिमीटरचा आणि एक साडेचौसष्टचा ठेवला तर इंजिन एका पायानं लंगडं चालतं. चहा म्हणायला ज्यांना शब्द मिळत नव्हता, त्यांना हा मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची पडवीत गेली.

बोरिंग उद्यमबागेतच झालं, ह्यांच्या जुन्या दोस्ताकडं. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये जागा ठेवायची ती चार-पाच शतांश मिलिमीटर, आपल्या केसाच्या जाडीहून कमी. क्रँक तिथंच हायड्रॉलिक प्रेसवर उलगडला, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग नवी घातली, परत दाबून जोडला. ह्या गाडीचा क्रँक अखंड नसतो, तुकडे एकमेकांत दाबून बसवलेले असतात. जोडल्यावर तो सरळ रेषेत आणायला हातानं ठोकावा लागतो. दोस्ताच्या दुकानात आता संगणकावरची मशीनं. तो म्हणाला, "हे काम करणारा बेळगावात एकच होता, वहिनी. तुमच्या घरात बसलाय." बोलला आणि ओशाळला बिचारा.

कारखाना विकला तेव्हा एक पेटी ह्यांनी दिली नव्हती. माझ्या कपाटात, चांदीच्या भांड्यांच्या शेजारी, कापसात गुंडाळलेली. आत डायल गेज, दोन व्ही ब्लॉक, मायक्रोमीटर. तांब्याची हातोडी वेगळी होती, ती माळ्यावर सापडली. जेवणाच्या टेबलावर जाड ग्रॅनाइटची फरशी मांडली, त्यावर ब्लॉक, ब्लॉकवर क्रँक. धाकटी हातानं क्रँक फिरवायची, डायलचा काटा हलायचा. पहिल्यांदा बारा शतांश. हवे होते तीनच्या आत.

मला वाटायचं मापानं ठोकत असतील. माप कसलं! जिथं काटा सगळ्यात वर जातो तिथं खडूची खूण करायची, क्रँक हातात धरून त्या बाजूच्या चकतीवर हातोडी मारायची, परत ब्लॉकवर ठेवून बघायचं. किती जोरात, हे पुस्तकात नसतं. जास्त बसला तर दुसरीकडं वाकतो, फारच बसला तर एवढी महाग पिन सैल होते आणि सगळं परत प्रेसवर. हे खुर्चीवर डोळे मिटून बसायचे. ठोक्याचा आवाज ऐकायचे. एक बोट, म्हणजे अजून एक. तळहात आडवा, म्हणजे थांब. पोरीच्या कपाळावर घाम. बारावरून सातवर आला, सातवरून अकरावर गेला. ती रडकुंडीला आली, "आप्पा, बिघडवलं मी." ह्यांनी मान हलवली. बराच वेळ शब्द शोधला. मी श्वास धरून उभी, सांगू का मी तो शब्द, असं होऊन गेलं. बाईंनी बजावलं होतं, मध्ये बोलू नका, वाट बघा.

"मनगट," ते म्हणाले. आणि डाव्या हातानं हवेत ठोका मारून दाखवला, खांद्यातून नव्हे, मनगटातून.

दिवे लागायच्या आत जेवायची आमची रीत. त्या दिवशी टेबल मोकळं नव्हतं, सगळे जमिनीवर पानं घेऊन बसलो. जेवणानंतर दोन शतांश आला.

पुढची जोडणी भराभर झाली, म्हणजे तीन आठवड्यांत. पिस्टनमध्ये पिन बसत नव्हती, तेव्हा मी पिस्टनला गरम पाण्याच्या फडक्यात गुंडाळून दिलं, लगेच सरकली. पिनेच्या कडांना बारीक क्लिपा असतात, त्या लावताना क्रँकच्या तोंडात कापड कोंबायचं, नाहीतर क्लिप आत पडते आणि मग नाच. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या बारीक खुंटीशीच आली पाहिजेत, पिस्टनवरचा बाण पुढं. क्रँककेसच्या बोल्टांशेजारी कंपनीनं आकडेच ओतलेले आहेत, त्या क्रमानं आवळायचे. धाकटीनं घाईत एक आकडा ओलांडला तर खुर्चीतून हातातली काठी आपटली गेली.

पहिल्या टाकीला तेलाचा पंप असूनसुद्धा पेट्रोलात वेगळं तेल मिसळलं, पंपाच्या नळीत हवा राहिली असली तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून. सातव्या किकला ती उठली. निळा धूर पडवीभर, तुळशीवर सुद्धा. शेजारच्या काकू धावत आल्या. दोन मिनिटं चालवायची, बंद करायची, थंड होऊ द्यायची, परत. दिवसभर हेच.

आता पाचेकशे किलोमीटर झालेत. ती चोर्ल्यापर्यंत जाऊन येते, हळू, अजून ताणत नाही. ह्यांचे शब्द वाढलेत म्हणावं तर रोज वाढत नाहीत. 'चहा' अजून कधी कधी 'तेल' होऊन येतो आणि मी चहाच आणते. सध्या बापलेकीत वाद लागलाय तो पॉइंटांवरून. तिला जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवायचे आहेत, कटकट नको म्हणते. काल रात्री तिनं पार्सल उघडून दाखवलं. ह्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, परत खोक्यात ठेवलं आणि म्हणाले, "नको. पॉइंट राहू दे. घासून लाव."

धाकटी म्हणाली, "आप्पा, जग कुठं गेलंय!" मग दोघंही पडवीत गेले आणि मला सॅंडपेपर शोधायला लावला.