चावी, पगार आणि ‘नौ लिंग’

स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला शब्दसंग्रहाची धास्ती वाटते. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने तरी ती बाळगू नये, असे आम्हांस वाटते. घरातल्याच काही शब्दांचे कूळ शोधत गेले, की पोर्तुगीजमार्गे लॅटिनपाशी पोचता येते. तिथून स्पॅनिश फार दूर नाही.

लॅटिन ‘पानिस’चा पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, स्पॅनिशमध्ये तोच ‘पान’. ‘क्लाविस’ची इथे चावी झाली, तिकडे ‘याबे’. आरंभीच्या ‘क्ल’चा स्पॅनिशमध्ये ‘य’सारखा उच्चार होतो, ही खूण पटली की ‘क्लामारे’ आणि ‘यामार’ (हाक मारणे) यांचे नाते निराळे शिकावे लागत नाही. पोर्तुगीजांनी चावीतला ‘च’ पुढे ‘श’ केला; त्यांचा जुना उच्चार मात्र आपल्या तोंडी टिकून आहे. पगार तर मुळात क्रियापद! ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे, आणि त्यामागचे लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. महिन्याच्या एक तारखेला ही व्युत्पत्ती कोणासही पटावी.

परंतु कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत ही केवळ शब्दांची गंमत उरत नाही. 1740 साली पोर्तुगीजांनी चौल सोडले. तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही जिवंत आहे. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस. ‘लिंग’च्या मागे लॅटिन ‘लिंग्वा’ आहे, आणि अभ्यासक तिचे नाते आपल्या ‘जिह्वा’शी जोडतात.

बोलणारे काही शेकडाच आहेत. मुले शाळेत मराठी शिकतात, नोकरीधंद्याची भाषाही मराठीच. इंग्रजीच्या रेट्याने मराठीचे काय होणार, ही चिंता आपण मराठीचे अध्यापक परिसंवादांतून वाहत असतो. कोर्लईत तो रेटा आपल्या भाषेचा आहे. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. तो पुढे कोण बोलणार, हे सांगत नाही. लॅटिनच्या या लेकीला आपल्या विद्यार्थ्यांनी निदान एकदा कानांनी ऐकावे. त्यासाठी स्पेन गाठावा लागत नाही, अलिबागहून बस मिळते.