बदलीवरचा जंतू

बदली या शब्दाचे मर्म सरकारी कारकुनाइतके दुसऱ्या कोणास कळत असेल, असे आम्हांस वाटत नाही. स्वगावी गरीब गाय म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ परप्रांतीच्या कचेरीत वाघ होऊन बसलेला आम्ही चंदीगडास पाहिला आहे. जंतूंच्या राज्यातही हाच न्याय चालतो, हे मात्र आम्हांस गेल्या हिवाळ्यात कळले.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सोलापुराहून आमच्याकडे आले होते. वर्षभर शौचावाटे रक्त जात असता त्यांनी ते मूळव्याधीच्या नावाखाली झाकून ठेवले होते. येथील डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिली, तो मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ! शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सौभाग्यवतींनी विचारले, "दाजींना रोज वाटीभर दही दिलं, तर पोटातले वाईट जंतू जातील का हो?" उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचू लागलो.

माणसाच्या देहात सुमारे ३८ लाख कोटी जंतू नांदतात. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात, आणि त्यांतले पुष्कळसे इमानी सेवक. भाजीभाकरीतील चोथा आंबवून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल करतात आणि आतड्याच्या अस्तरास पोसतात. फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू मात्र मूळचा तोंडातला. दातांवरच्या किटणात राहणारा. २०१२ साली कॅनडा व अमेरिका येथील संशोधकांना तो आतड्याच्या गाठींत आढळला. २०२४ साली अमेरिकेत सुमारे २०० गाठी तपासल्या, तेव्हा निम्म्यांत त्याचा एकच विशिष्ट पोटवाण निघाला. जठरातील आम्लासही तो दाद देत नाही!

नव्या ठाण्यावरचे त्याचे वर्तन पाहावे. फॅड-ए नावाच्या प्रथिनाने तो पेशीस बिलगतो व तिची वाढ चेतवितो. दुसऱ्या एका प्रथिनाने तो चालून आलेल्या रक्षक पेशींचे हात बांधतो. औषधांच्या माऱ्यातही कर्कपेशीस तो तगवून धरतो. गाठ यकृतात पसरली, तर हे महाशय तिच्यासवे तेथेही हजर! गाठीचा आरंभ त्याने केला की आयत्या बिळात तो शिरला, हा वाद अजून मिटलेला नाही.

दह्याने हा हलत नाही. दह्यातील जंतू म्हणजे चार दिवसांचे पाहुणे. २०१७ साली उंदरांत रुजविलेल्या अशा गाठी मेट्रोनिडॅझोल दिल्यावर सावकाश वाढल्या, हे खरे; पण माणसांत हा उपचार रूढ नाही, आणि ती गोळी चांगल्या सेवकांनाही काढून टाकते. तेव्हा ती मनाने घेणे नको.

आमच्या या शहरात, सेक्टर ३९ मध्ये, १९८४ साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे जंतूंचे हजारो वाण क्रमांक घालून जपलेले आहेत. जणू प्रत्येकाची सेवापुस्तिकाच! शेजारी मुल्लांपुरास परळच्या टाटांचे ३०० खाटांचे कर्करोग रुग्णालय २०२२ साली उघडले. म्हणजे उपचारासाठी मुंबई गाठलीच पाहिजे, असे आता येथील मराठी मंडळींस राहिलेले नाही. राहिली ती लाज. पोटाचे दुखणे चारचौघांत सांगावयाचे नाही, हा आपला जुना शिरस्ता!

सख्ख्या भावंडांस या रोगाचा धोका अधिक असतो, असे डॉक्टरांनी ताईस सांगितले. तिने त्याच रात्री सोलापुरास धाकट्या दिराला फोन लावला. "भाऊजी, तुमचीही मूळव्याधच ना? उद्या सकाळी उपाशीपोटी डॉक्टरांकडे जा. आणि जाऊन आल्यावर मला सांगा."