डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर?

परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या यात्रेसाठी ओळखले जाते. आमची ओळख मात्र तिथल्या त्या तरुणांशी, जे शिकून गावात परतले आणि आता संगणकावर पोट भरू पाहतात. त्यातला एक जण डोमेन विकतो. म्हणजे दुकानाचा, शाळेचा, संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता मोठ्या कंपनीकडून घाऊक घेऊन गिऱ्हाइकाला देतो. त्याचा प्रश्न सरळ आहे: "मोठी कंपनी पहिल्या वर्षी माझ्या खरेदीच्या दरापेक्षाही स्वस्त डोमेन देते. मी टिकायचे कसे?"

आधी हिशोब बघू. डॉट कॉम नावांची नोंदवही अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा घाऊक दर एका नावाला वर्षाला १०.२६ डॉलर झाला. हा दर गोडॅडीसारख्या बलाढ्य कंपनीलाही तोच. मग ती त्याहून स्वस्त विकते कशी? पहिल्या वर्षी तोटा खाते आणि पुढे नूतनीकरणात, होस्टिंगमध्ये, ईमेलमध्ये वसूल करते. तोटा खाण्याची ताकद हेच तिचे भांडवल. ते ज्याच्याकडे नाही, त्याने दराच्या कुस्तीत उतरूच नये.

म्हणजे लहानाने दुकान बंद करायचे का? इथे बाबासाहेबांमधला अर्थतज्ज्ञ कामाला येतो. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत किती एकरांचे यावरून ते किफायतशीर ठरत नाही. जमीन, राबणारे हात आणि भांडवल यांचे प्रमाण जुळते का यावर ठरते, हा त्यातला गाभा. हेच माप इथे लावा. एका डोमेनमागे शंभर रुपये सुटले आणि दोनशे गिऱ्हाइके मिळाली, तरी वर्षाचे वीस हजारच. यावर घर चालत नाही. पण त्याच दोनशेपैकी चाळीस जणांची वेबसाइट, ईमेल आणि वर्षभराची देखभाल हाती आली, तर धंदा उभा राहतो. डोमेन हा उंबरठा आहे, कमाई घरात आहे.

कुणी म्हणेल, मुंबईच्या तुरखिया बंधूंनी १९९८ साली वडिलांकडून पंचवीस हजार उसने घेऊन डायरेक्टी सुरू केली. पुढे त्यांच्या रिसेलरक्लबवर हजारो लहान विक्रेते उभे राहिले आणि २०१४ साली हा व्यवसाय अमेरिकन कंपनीने विकत घेतला. उदाहरण खरे आहे, त्यांची बुद्धीही खरी. पण त्या काळात घरात मागितल्यावर पंचवीस हजार मिळणे, हेही भांडवलच होते. आमच्या वस्तीतल्या किती पोरांना ते मिळाले असते? म्हणून त्यांची नक्कल नको, आपल्या ताकदीचा वेगळा हिशोब हवा.

ती ताकद कुठे आहे? पहिली गोष्ट, सातबारा. आमच्या परिचयातल्या एका तरुण मंडळाची वेबसाइट शहरातल्या एकाने करून दिली. डोमेन त्याने स्वतःच्याच नावावर घेतले. मुदत संपल्याची सूचना त्याच्या ईमेलवर गेली, मंडळाला पत्ताच नाही. मुदत उलटल्यावर डॉट कॉम नाव काही काळाने सोडवणुकीच्या टप्प्यात जाते. तिथे तीस दिवसांत जादा दंड भरून ते परत मिळते. तोही काळ गेला की ते कुणीही घेऊ शकतो. मंडळाचे नाव असेच गेले. आपल्या विक्रेत्याने पहिल्याच दिवशी नोंद गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर करावी. पहिल्या वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा, दोन्ही दर मराठी बिलावर लिहावेत. मुदतीच्या महिनाभर आधी फोन करावा. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायचे असेल तर स्थलांतराचा कोड मुकाट्याने द्यावा. जो जाऊ देतो, त्याच्याकडेच माणूस राहतो.

दुसरी गोष्ट, भाषा आणि मुलूख. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. दुकानाच्या जुन्या नावाचे काय करायचे, इंग्रजी अक्षरांत धाराशिव लोक कसे टाइप करतात, जुन्या पत्त्यावरून नव्यावर कसे आणायचे, हे दूरच्या कॉलसेंटरला काय कळणार? २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत नाव मिळते. ते जरूर सुचवावे, पण काही ठिकाणी असा ईमेल पत्ता स्वीकारला जात नाही हेही आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट कडू आहे. बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटले. आज मोठ्या कंपनीच्या पडद्याला आडनाव नसते. गावातल्या विक्रेत्याला असते. म्हणून फक्त गावावर विसंबू नये. परंडा, बार्शी, पुण्यात गेलेले गाववाले, सगळीकडे हात पसरावा. आणि निव्वळ 'जय भीम' म्हणून कुणी डोमेन घेईल, या भरवशावरही राहू नये. सहानुभूतीचे गिऱ्हाईक एकदा येते, चोख काम पुन्हा पुन्हा आणते.

आता संस्था-मंडळे चालवणाऱ्या तुमच्याशी बोलतो. आपले डोमेन कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, पासवर्ड कुणाकडे आहे, हे आजच तपासा. जवळचा प्रामाणिक विक्रेता असेल तर काम त्याला द्या. फुकट मागू नका, बिल मागा, आणि ते वेळेवर भरा. उधारीवर कोणताही लहान धंदा मोठ्याशी लढू शकत नाही.

जय भीम!