प्लग गार इंजिनावरच

लूना आमच्या नगरची. काइनेटिकचा कारखाना इथलाच, त्यामुळे १९७२ साली आलेल्या या पन्नास सीसीच्या गाडीवर नगरकरांचा जरा जास्तच जीव. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, म्हणून प्लग लवकर काजळायचा. प्लगचा पाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा गाडीबरोबर कायम असे.

पाथर्डीच्या वाटेवर करंजीच्या घाटात गाडी बंद पडली, तरी अण्णा लगेच पाना काढत नसत. आधी सिलिंडरच्या पट्ट्यांजवळ हात नेऊन बघत. धग लागली की आम्ही बाभळीखाली बसायचो. तळवा निवांत टेकवता आला की मगच प्लगला पाना. उन्हात ते थांबणं मला फार जड जाई. अण्णांनी कारण कधी सांगितलं नाही. ते पुढे वर्कशॉपमध्ये शिकताना उमगलं.

प्लगचं अंग पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, शिवाय नरमही पडतं. अशा वेळी जोर लावला तर हेडमधले आटे ओरबाडले जातात. तापल्या हेडमध्ये थंड प्लग आवळणंही तितकंच वाईट. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो ती लालबुंद करून. पाणी ओतलं की ती आकसून चाकाला घट्ट धरते. हेडही निवताना प्लगला तसंच धरतं, आणि पुढच्या खेपेला प्लग आटे घेऊनच बाहेर येतो. प्लग किती आवळायचा याचे कंपनीने दिलेले आकडेही गार इंजिनाचेच असतात.

फार दिवस बसून राहिलेला प्लग गरम इंजिनावर सैल निघतो, असं सांगणारे मिस्त्री आहेत. इंजिन जेमतेम कोमट असेल आणि आट्यांत आधी तेल मुरवलं असेल, तर मला ते पटतं. पण गाडी आली, बंद केली आणि पाना लावला, हे मला कधीच पटलं नाही. प्लग शे-दोनशे रुपयांचा. आटे गेले तर हेड उतरवा, लेथवर न्या, बुश बसवा.

आता दारात कार आहे. तिचे प्लग कॉइलखाली खोल विहिरीत. तिथे आपल्याकडची धूळ हमखास साठते, म्हणून सोडवण्याआधी हवा मारायची. नवा प्लग सुरुवातीला फक्त बोटांनी फिरवायचा. पहिले आटे अलगद लागले पाहिजेत, अडला तर उलटा फिरवून पुन्हा. पाना अगदी शेवटी.

२०२४ साली लूना विजेवर परत आली, तिला प्लगच नाही. पेट्रोलच्या गाड्या मात्र अजून घरोघर आहेत. प्लग बदलायचे असले की मी कार आदल्या संध्याकाळीच गॅरेजला सोडतो आणि मिस्त्रीला सांगतो, सकाळी आल्याआल्या पहिलं हेच काम घे, तोवर चालू करू नको.